न मागता आलेली गाडी

एसटी आमच्या गावात पुन्हा आली त्या सकाळी तिच्यात कुणीही बसलं नाही. मीसुद्धा नाही.

श्रावण लागायला आला होता. पाण्याच्या टाकीपाशी आम्ही नेहमीसारखे जीपची वाट बघत उभे होतो. मी, कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली, खुलताबादला कापडाच्या दुकानात कामाला असलेला एकजण आणि दवाखान्यात निघालेलं एक नवरा-बायकोचं जोडपं. वळणावरून लाल गाडी आली, टाकीला वळसा घालून थांबली आणि कंडक्टर खाली उतरला. "चला, खुलताबाद, दौलताबाद, शहर," तो म्हणाला. कुणी जागचं हललं नाही.

"कुणी पाठवली गाडी?" दवाखान्यात निघालेल्या माणसानं विचारलं.

"आगारानं."

"कामून?"

"तुम्हाला जायला," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात मागून जीप आली, हॉर्न वाजला, आणि आम्ही सगळे जीपमध्ये दाटीवाटीनं चढलो. एसटी रिकामीच आमच्या मागून फाट्यापर्यंत आली. मी मागच्या फळीवर अर्धी टेकून बसले होते, त्यामुळं मला ड्रायव्हरचा चेहरा सगळ्या वाटेनं दिसत होता.

आमचं गाव खुलताबादच्या पुढं, वेरूळच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत आहे. फाट्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तर उन्हात जीव जातो आणि पावसात चप्पल जाते. पूर्वी एसटी यायची म्हणतात. मोरी खचली तेव्हा बंद झाली, मोरी पुन्हा बांधली तरी सुरू झाली नाही. तेव्हापासून गावाला एक जीप आणि ती जीप माझ्या चुलत दिराची. मी लग्न करून आले ती गारखेड्यातून, शहरातून. तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते, ती लग्नानंतरही सोडली नाही. घरच्यांनी मान्य केलं, पण गावानं नाही. रोज सकाळी नीट साडी नेसून शहरात जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी सून म्हणजे तिच्याकडं लक्ष ठेवायला पाहिजे, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं होतं.

त्यामुळं गाडी आली तेव्हा संशय कुणावर जाणार हे मला जीपमध्येच कळलं होतं.

त्याच्या साधारण महिनाभर आधी एक माणूस गावात येऊन गेला होता. शर्ट इन केलेला, खांद्याला पिशवी, मोटारसायकलवर. टाकीपाशी उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, गाव केवढं आहे, रोज बाहेर किती लोक जातात, शाळेची पोरं किती, म्हातारी माणसं किती. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "गाडीसाठी बघतोय." कसली गाडी, ते कुणी विचारलंच नाही, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा त्या वेळी टाकीच्या ओट्यावरच बसलेले होते. त्यांनी सांगितलं, "कोण जातं बाहेर? दोन-चार जण. बाकी सगळे आपापल्या शेतात." माझा चुलत दीर जीपला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माझी जीप पण भरत नाय, साहेब." त्याच सकाळी त्याच्या जीपच्या मागं तिघं लटकत आले होते.

रात्री जेवताना मी मामांना विचारलं, असं का सांगितलं म्हणून. त्यांनी भाकरी मोडत शांतपणे समजावलं. आधी माणूस येतो. मग गाडी येते. गाडी आली की रस्ता रुंद करायचं निघतं, आणि रस्ता रुंद झाला की रस्त्याकडेची जमीन जाते. आमची आद्रकीची पट्टी रस्त्याला लागूनच आहे. वेरूळकडं हॉटेलं वाढायला लागल्यापासून शहरातले लोक चकचकीत गाड्यांतून येतात, बांधावर उभे राहून मोबाइलवर बोलतात आणि कुणाला काही न सांगता निघून जातात. मामांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. गावाच्या पलीकडं, माळाच्या उताराला मेंढरंवाल्यांची वस्ती आहे. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पाऊस लागला की परततात. कागदावर वस्ती आमच्याच गावात मोडते. पण 'आपण गावात किती' असं म्हणायची वेळ आली की आमच्याकडं वस्ती धरत नाहीत. गारखेड्यात फ्लॅट घेऊन कायमची गेलेली पोरं मात्र धरतात. तर तो मोटारसायकलवाला आमच्याकडून वस्तीवर गेला आणि तिथं खाटेवर बसून चहा पिऊन बराच वेळ बोलत राहिला, असं शेळ्या चारणाऱ्या एकीनं पाहिलं होतं. वस्तीतली माणसं परक्याला आपल्याकडं मेंढरं किती तेही सांगत नाहीत. ती त्या माणसाशी काय बोलली असतील, यावर गावात दोन-तीन दिवस चर्चा झाली. मग आद्रकीला खुरपणी आली आणि विषय मागं पडला.

आणि आता खरोखरच गाडी आली होती.

त्या संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाई मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. मी हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसले आणि एक कणीस उचललं. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठं सह्या-बिह्या दिल्या का गं तू?"

"कसल्या सह्या, मामी?"

"गाडीच्या."

"नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या. त्या आवाजावरून त्यांचं काहीच बरं झालं नव्हतं हे कळत होतं.

थोड्या वेळानं चुलत दीर आला. ओसरीवर बसून त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तो माझ्याशी कधी वावगं बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "जीपमंदी तरास होत असंल तर मला सांगायचं. म्होरची शीट तुमच्यासाठी मोकळी ठेवली असती. घरातलं घरात मिटलं असतं."

"भाऊजी, मी काही केलेलं नाही."

"मी कुठं म्हणतोय केलं म्हणून," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

नवऱ्यानं झोपायच्या आधी विचारलं. तेवढं मला लागलं. तो म्हणाला, "माझ्यापाशी तरी खरं सांग." मी म्हटलं, खरंच सांगते, मी कुठं गेले नाही, कुणाला भेटले नाही, आणि गाडी आली तेव्हा सगळ्यांबरोबर जीपमध्येच चढले. तो म्हणाला, "तेच तर सगळे म्हणत्यात. बसली नाय म्हणजे मुद्दाम बसली नाय." मी कूस बदलून पडून राहिले.

पुढचे काही दिवस गाडी रिकामी येऊन रिकामी जात राहिली. एका सकाळी मोरीच्या अलीकडं रस्त्यावर वेड्या बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या सापडल्या. काटे असे की टायर फुटलाच असता. ड्रायव्हरनं गाडी तिथंच थांबवली, आणि टाकीपाशी उभे असलेले आम्ही लांबून बघत राहिलो. फांद्या कुणी टाकल्या ते आजवर कुणी बोललेलं नाही. माझा संशय एका माणसावर होता, पण मी तो संशय त्याच्याच जीपमध्ये बसून रोज शहरात नेत होते.

फांद्या वस्तीतल्या बायांनी काढल्या. डोक्याला पदर बांधून तिघी-चौघी आल्या, लांब काठ्यांनी ओढून त्यांनी काटे नाल्यात ढकलले आणि मग, आम्ही बघत असताना, त्याच गाडीत चढून बसल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती. काळीसावळी, उंच, कपाळावर गोंदण, हिरवं नऊवारी लुगडं. वस्तीत तिचा शब्द चालायचा. तिची नात म्हणजे टाकीपाशी जीपला उभ्या राहणाऱ्या त्या दोन मुलींपैकी एक. त्या दिवशी आजीनं नुसती मान हलवली आणि पोरगी जीप सोडून एसटीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आणखी बाया. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात दुधाची किटली. कुणाला खुलताबादला जायचं होतं, कुणाला नुसतं फाट्यापर्यंत. गाडीत गडबड असायची आणि जीपमध्ये आम्ही गप्प.

मला एक दिवस परतीच्या वेळी शहरातल्या मोठ्या स्टँडवर ती म्हातारी दिसली. चौकशीच्या खिडकीच्या मागं साहेबांच्या खोल्या आहेत, तिथल्या बाकावर मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. मला पाहिलं आणि तिनं पदर पुढं ओढला. मला वाटलं, शहरात दवाखान्यात आली असेल, चुकून इथं बसली असेल. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा तिथंच. शिपाई बाहेर आला आणि तिला नावानं हाक मारून आत घेऊन गेला. ज्या बाईला आगारातला शिपाई नावानं ओळखतो, ती तिथं पहिल्यांदा आलेली नसते.

माझ्या मनात काय काय आलं ते लपवत नाही. गावात बोललं जायचं तेच आलं. वस्तीवाल्यांना माळावरची जागा नावावर करून पाहिजे, म्हणून त्यांनी कुणाशी तरी संधान बांधलंय. त्यांनी डोकी वाढवून सांगितली असतील. उद्या थांबा आमच्या टाकीपाशी राहणार नाही, वस्तीवर जाईल. वरून हेही की, हिच्यामुळं मी घरात चोर ठरले आणि ही पदराआड तोंड लपवून बसलीय.

ती खोलीतून बाहेर आली तेव्हा मी बाकावर तिची वाट बघत होते.

"आजी, दवाखान्यात आला होता का?"

"व्हय," ती म्हणाली.

"दवाखाना इथं नाही."

ती उभी राहिली. मग माझ्या शेजारी बसली, पण गाठोडं आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. "तुमच्या माणसांनी धाडलं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कुणी नाही धाडलं. माझ्यावरच आळ आलाय गाडी आणल्याचा."

ती हसली नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "बरं झालं म्हणलं. तुमच्यावर आला तर तुम्हाला घरात बोलत्याल. आमच्यावर आला असता तर गाडी दुसऱ्या दिशी बंद पाडली असती."

मला राग यायला पाहिजे होता. पण ती इतकं सरळ बोलली की राग धरायला जागा सापडली नाही.

मग तिनं सांगितलं, थोडं थोडं, गर्दी आली की थांबत. तिची थोरली नात दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. खुलताबादच्या कॉलेजात नाव घातलं. जीपनं जायची. "जीपमंदी पोरगी कुणाच्या मांडीला लागून बसती ते मला दिसत नाय का? मी काय आंधळी हाय?" एकदा पोरगी रडत आली, काय झालं ते सांगेना. दिवाळीआधीच तिचं कॉलेज सुटलं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. "ती आता बाहेर मेंढरांमागं असती. बरं चाललंय तिचं," आजी म्हणाली. मग गाठोड्याची गाठ आवळत म्हणाली, "बरं चाललंय म्हणायचं."

धाकटीची दहावी झाली तेव्हा ही म्हातारी माळावरून चालत खुलताबादच्या रस्त्याला आली, वयामुळं तिला एसटीत तिकीट लागत नाही म्हणून गाडीत बसली आणि थेट स्टँडवर जाऊन विचारलं की आमच्या गावाला गाडी का नाही. त्यांनी सांगितलं, तिथं तेवढी माणसं नाहीत. ती म्हणाली, तुम्ही मोजायला आलता ते उन्हाळ्यात. तवा आमची वस्ती रिकामी असती. पावसाळ्यात या, आमी सगळी घरी असतो. यायचं कबूल करून कुणी येईना, तेव्हा ती बाजाराच्या दिवशी जाऊन बाकावर बसू लागली. भांडली नाही, अर्ज दिला नाही. विचारलं की तेवढंच सांगायची, पाऊस पडला, आता या.

"आणि तो आला तेव्हा तुम्ही त्याला किती सांगितलं?" मी विचारलं. माझा संशय अजून पुरता गेला नव्हता.

"जेवढी हायेत तेवढी. खोटं तुमच्या टाकीपाशी सांगितलं, आमी नाय." मग म्हणाली, "आता सांजच्याला पण गाडी पाहिजे. पोरगी पाचला सुटती. तेवढ्यासाठी येते."

आमच्या फाट्यावरून जाणारी वेरूळची गाडी लागली. चढायच्या आधी तिनं माझ्या दंडाला हात लावला. "बाई, हे गावात बोलू नका."

"नाही बोलणार."

"शपथ घालत नाय मी. पण बोलू नका."

मी बोलले नाही. सोपं होतं असं नाही. पुढं कितीतरी दिवस घरात कुणी एसटीचा विषय काढला की सगळे माझ्याकडं बघायचे. मी एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो चांगला असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी जीप सोडली आणि एसटीत बसायला लागले. त्यानं माझ्यावरचा आळ उलट पक्काच झाला.

गाव गाडीत बसायला लागलं ते वेगळ्याच कारणानं. वस्तीतल्या बाया रोज गाडी भरून जातात हे पाहून टाकीपाशी बोलणं सुरू झालं की, असंच चाललं तर गाडी त्यांचीच होईल, उद्या वस्तीवरूनच सुटेल, आपण फाट्यापर्यंत चालत जायचं. ज्यांना गाडीचा संशय होता त्यांना आता वस्तीचा जास्त वाटायला लागला. एका सकाळी चार-पाच बायका नटूनथटून आल्या आणि पुढच्या सीट धरून बसल्या. बायकांना अर्धं तिकीट आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कंडक्टरनं सांगितलं तर आधी त्यांना वाटलं, यातही काही खोच आहे. एकीनं तिकीट उजेडाकडं धरून दोनदा पाहिलं.

मामा सगळ्यात शेवटी बसले. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, शहरात दाखवायला न्यायचं होतं आणि जीपच्या मागच्या फळीवर त्यांना आता चढवत नव्हतं. मी सुटी काढून बरोबर गेले. घाट उतरेपर्यंत ते खिडकीतून रस्त्याच्या कडा बघत होते, बहुतेक कुठं खुणेचे दगड रोवलेत का ते. दौलताबादच्या वेशीतून गाडी सावकाश आत शिरली तेव्हा म्हणाले, "तूच आणली ना ही?"

मागं दोन बाक सोडून आजी तिच्या नातीशेजारी बसली होती. तिला ऐकू गेलं असेल की नाही, सांगता येत नाही.

"हो," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. कितीतरी दिवस अडकलेलं काही सुटावं तसा त्यांचा चेहरा सैल झाला. "मग आधी सांगायचं व्हतं. मी त्या माणसाला नीट आकडा सांगितला असता," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा माझ्याकडं वळले. "पण रस्ता रुंद करायला आले, तर मी तुलाच विचारणार."

घरी त्यांनी हे सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी आळीत सांगितलं, आणि गाडी मी आणली हे कायमचं ठरून गेलं. गंमत म्हणजे त्यानंतर लोक माझ्याशी जास्त बरं बोलायला लागले. कुणी मुलीचं कॉलेज विचारायचं, कुणी आपल्या दुखण्याचे कागद दाखवायचं. नवरा मात्र एकदा म्हणाला, "त्या दिवशी मला खोटं सांगितलंस." हा एक डाग मी अजून पुसलेला नाही.

चुलत दिरानं जीप वेरूळकडं लावली. हॉटेलांत कामाला जाणारी माणसं नेतो, धंदा पूर्वीपेक्षा बरा चालतो असं त्याची बायको सांगते. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो.

दिवाळी झाली, वस्ती मेंढरांमागं निघाली आणि गाडी पुन्हा हलकी झाली. आजी मात्र त्या वर्षी बाहेर पडली नाही, नातीसाठी घरी राहिली. कंडक्टर कधीतरी पाठीमागं बघून म्हणायचा, "मॅडम, थंडीत माणसं कमी झाली तुमची," आणि मला धास्ती वाटायची. मग मीच शेजारच्या बायकांना बाजाराला चला म्हणून मागं लागायचे. गाडी टिकली. संध्याकाळची पण मिळाली, पण त्याला बराच वेळ गेला आणि ती कशी मिळाली ते मी विचारलं नाही.

आजी मला गाडीत रोज भेटते. नातीची फी, पाऊस, मेंढरांचे पाय, सगळं बोलते. पण अधूनमधून, बोलता बोलता थांबून, आवाज खाली घेऊन विचारते, "कुणापाशी बोलला नाय ना तुम्ही अजून?"

मी नाही म्हणते. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघते, आणि मग पुढं बोलायला लागते.